पोर्टलीशचा पंचनामा

इतरांच्या घरी लहान मुलांना पोलिसाची भीती घालतात. मी मात्र चांगला नोकरीला लागल्यावर, पूर्ण शुद्धीत, एका हवालदाराच्या घरी मुलगी मागायला गेलो. तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी समोरच्या खुर्चीत बसवून असे काही प्रश्न विचारले, की अजून दहा मिनिटं चाललं असतं तर मी दोन-तीन न केलेल्या चोऱ्या कबूल केल्या असत्या.

हे सासरे म्हणजे आमचे मामाजी. चौतीस वर्षं पोलीस खात्यात, आणि त्यातली बहुतेक वर्षं रायटर. ठाण्यात साहेब येतात, बदलून जातात, कोणी ओरडतं, कोणी रडतं; रायटर टेबलाशी बसून लिहीत असतो. जबाब लिहितो, पंचनामा लिहितो, स्टेशन डायरी लिहितो. वर्धा जिल्ह्यातलं बरंच रडणं मामाजींच्या सुवाच्य अक्षरात कुठल्या तरी कपाटात पडून असेल.

२०१६च्या मे महिन्यात ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आले. सासूबाईंचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून एकटेच. बायको इथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर. मी पार डब्लिनच्या पलीकडे चेरीवूडला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. नऊ वर्षांची मुलगी आहे. ती आजोबांचं मराठी समजून घेते आणि उत्तर आयरिश इंग्रजीत देते. आजोबा त्यावर, सगळं इंग्रजी समजल्यासारखं, "हाव", म्हणजे हो, म्हणतात. दोघांचं कधी भांडण झालं नाही.

मामाजींना गाव पहिल्याच दिवशी पटलं. "दवाखाना हाये, ठेसन हाये, जेल हाये. तालुक्याचं गाव हाये बाप्पा हे. मले वाटलं इदेश म्हंजे काय आन् काय." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी दहा वाजता, हात पाठीमागे बांधून, राउंडला निघू लागले.

आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर मुलांचं खेळायचं मैदान आहे आणि त्याच्या भिंतीला लागून एक बाक. पहिल्याच राउंडहून मामाजी नाराज होऊन परतले.

"बाकावरची जागा घेतली एका माणसानं."

"मग दुसऱ्या टोकाला बसायचं, मामाजी. मोठा बाक आहे."

"दुसऱ्या टोकाहून फाटक दिसत नाही."

"फाटक कशाला दिसायला हवं?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. नव्या भरतीच्या शिपायांकडे ते असंच पाहत असणार. "पाठीले भिंत पाह्यजे आन् समोर फाटक पाह्यजे. त्यालेबी तेच पाह्यजे होतं. थो साधा माणूस नाही, जवाईबापू."

मी पुढच्या शनिवारी मुद्दाम बरोबर गेलो. बाकाच्या त्या टोकाला साठीचे एक गृहस्थ बसले होते. रुंद हाडाचे, दाढी घोटलेली, कोट जुना पण इस्त्रीचा. मामाजींना पाहताच ते उठले आणि त्यांनी हाताने जागा दाखवली. दोघांनी आपापसात, एकही शब्द न बोलता, पाळ्या लावून घेतल्या होत्या: एक दिवस फाटक यांना, एक दिवस त्यांना.

गावाबाहेर एक बंद पडलेलं हॉटेल आहे. आयर्लंडकडे आश्रय मागणाऱ्या लोकांना सरकारने तिथे ठेवलं होतं. एका खोलीत चौघं, ठरलेल्या वेळी जेवण, काम करायची परवानगी नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत बसायचं. हे गृहस्थ दोन वर्षं बसले होते. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे एकच माणूस इतकी वर्षं सत्तेवर होता, की नव्या नोटा निघाल्या की त्याचे केस किती पिकले ते लोकांना कळायचं. मग एका वर्षी तो पडला. पुतळे पडले, कचेऱ्या जळल्या, आणि ज्यांचे पगार त्याच्या सहीने निघत असत ती माणसं मिळेल त्या बोटीने पांगली.

"आप क्या काम करते थे?" मी विचारलं. तोवर कळलं होतं, की त्यांना मोडकं हिंदी येतं.

"दफ्तर," ते म्हणाले. "कारकून. लिखना, लिखना." आणि हवेत लिहून दाखवलं. हिंदी कुठे शिकलात म्हटलं, तर तिकडे एका मोठ्या बांधकामावर हिंदुस्थानी कामगार होते. "बहुत हिंदुस्तानी. बहुत दोस्त."

रविवारी आम्ही त्यांना चहाला बोलावलं. ते आले, दारात बूट जोडीने लावले, आणि भिंतीकडे पाठ येईल अशी खुर्ची बरोबर निवडून बसले. ती माझी खुर्ची होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाम?"

मी नाव सांगितलं.

"बाप का नाम?"

तेही सांगितलं.

"गाँव? यहाँ कब आया? साथ में कौन?"

मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. इतकी सरळ, की बायको स्वयंपाकघरातून डोकावून पाहू लागली. अजून दोन प्रश्न झाले असते तर मी आपणहून पासपोर्ट काढून दिला असता. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं काहीतरी. ते ओशाळून हसले आणि माझ्याच घरात मला म्हणाले, "चाय पियो, चाय पियो."

ते गेल्यावर मामाजी बराच वेळ कपातल्या गाळाकडे पाहत होते.

"जवाईबापू, दोस्ताजवळून भाषा शिकलेला माणूस आंधी काय शिकते?"

"काय?"

"शिव्या. मंग खानं-पेनं. मंग गानं. याले एक शिवी येत नाही, आन् 'बाप का नाम' कसं झ्याक येते! हे ठान्यातली हिंदी हाये. हा खात्यातला माणूस हाये."

"म्हणजे पोलीस?"

"पोलीस म्हना, का अजून काही म्हना. तिकडं आपल्या कामगारांवर नजर ठेवाले बसवला असंन. पन मारनारा नाही. हात पाहा त्याचे. लिवनारा हाये." आणि मग, जरा अभिमानानेच, "मायासारका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावर सरळ विचारलं: "आप डिपार्टमेंट में थे?" त्या गृहस्थांनी मैदानाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या खांद्यावर टेकवली. मग लगेच, कोटावरची धूळ झटकावी तसा हात फिरवला. मामाजींनी घरी येऊन मला हे करून दाखवलं, धूळ झटकण्यासकट. दोन बोटांचं आम्हाला कौतुक वाटलं. दोन फुल्या, म्हणजे आपल्याकडचा फौजदार! धूळ झटकण्याचा अर्थ लावण्याच्या भानगडीत आम्ही दोघंही पडलो नाही.

जून महिना त्यांचा चांगला गेला. दोघं तुरुंगाच्या भिंतीच्या कडेने चालत जात आणि भिंतीची उंची, मनोरे, दाराची शिस्त यांवर खुणांनी मत देत. मामाजी त्यांना डब्यातून तिखट शेव नेत. ते माझ्या मुलीला संत्र्याची साल एकाच पट्टीत, न तुटता, सोलून दाखवत. मुलगी म्हणायची, "आजोबा, युअर मॅन इज ग्रँड, बट ही नेव्हर ब्लिंक्स." त्यावर आजोबा म्हणायचे, "हाव."

जुलैत एका संध्याकाळी ते न बोलावता आले. हातात त्यांच्या अर्जाचं काम पाहणाऱ्या वकीलबाईंचा कागद होता. मी वाचून सांगितला. अर्ज आता शेवटच्या टप्प्यात होता. इथल्या समाजात तुम्हाला ओळखणारे, तुमच्या वागणुकीबद्दल सांगणारे लोक असतील तर त्यांची पत्रं जोडा, उपयोग होईल. बस, एवढंच. मग त्यांनी पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. त्यांची बायको, आणि डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक मुलगी.

"सत्रह साल," ते म्हणाले.

त्या दोघी शेजारच्या देशात एका खोलीत राहत होत्या. यांना इथे राहायचा कागद मिळाला तर दोघींना बोलावता येणार होतं. पण मुलगी अठराच्या आत असेल तरच. अठरा पूर्ण झाले, की कायद्याच्या लेखी ती त्यांच्यावर अवलंबून नाही, तिने आपलं पाहावं. ती मार्चमध्ये अठराची होणार होती. हे सांगताना त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि मार्चच्या बोटापाशी थांबले.

"हम लिखेगा," मी म्हणालो. माझं हिंदी अशा प्रसंगी त्यांच्यापेक्षा वाईट होतं.

आता खरं सांगायचं, तर पत्रात लिहायला माझ्याजवळ काय होतं? सज्जन आहेत, संत्रं चांगलं सोलतात. मी लॅपटॉप उघडून तीन संध्याकाळी बसलो आणि "ही इज अ व्हेरी नाइस पर्सन"च्या पुढे सरकलो नाही. चौथ्या संध्याकाळी मामाजी चष्मा पुसत शेजारी येऊन बसले.

"हे तुमचं काम नाही. सरा. मी सांगतो, तुम्ही इंग्रजीत करा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज बदलला, वऱ्हाडी गेलं, पाठ ताठ झाली. "मी खाली सही करणार, वय अडुसष्ट वर्षं, धंदा सेवानिवृत्त, मूळ राहणार वर्धा, हल्ली मुक्काम पोर्टलीश, समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, सदर इसमास मी गेले दोन महिने रोज पाहत असून..."

बायको रात्रपाळीला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "बाबा, हे शिफारसपत्र आहे की जबाब?"

"माह्या सहीचा कागद असाच निंगते."

"अरे," ती मला म्हणाली, "पाठवायच्या आधी मला दाखव हं."

"दाखवतो," मी म्हणालो.

मामाजींना मध्येच हसू आलं. म्हणाले, पंचनाम्याला दोन पंच लागतात, डोळ्यांनी पाहणारे, अब्रूदार. पण रोज कुठून आणायचे अब्रूदार? त्यांच्या ठाण्यासमोर एक पानवाला होता. चोऱ्या, अपघात, दोन खून, एक दरोडा, सगळं त्याने समक्ष पाहिलं होतं, पानठेला न सोडता. कोऱ्या कागदावर आधी त्याची सही, मग वर मामाजींचं अक्षर.

"म्हनून हा कागद मी नीट करून राह्यलो. याच्यात मी पाह्यलं तेवढंच."

त्यांनी पाहिलेलं खरंच पुष्कळ होतं. सदर इसम वेळेचा पक्का आहे. लहान मुलांशी मर्यादेने वागतो. दारू पीत नाही. दुसऱ्याची पाळी असेल तर जागा सोडतो. आणि मग मामाजींनी, आपल्या मते, त्या माणसाच्या बाजूने हुकमाचं पान टाकलं: सदर इसम आपल्या देशाच्या सुरक्षा खात्यात परदेशी लोकांवर देखरेखीच्या शाखेत लेखनिक अधिकारी होता, हे मी माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीच्या अनुभवावरून ओळखले असून, त्याने ते मान्य केले आहे, अशी जबाबदारीची नोकरी केलेला माणूस शिस्तीचा असतो, सबब त्यास येथे राहू देण्यास हरकत नसावी.

मी हे सगळं इंग्रजीत केलं. माझा हात कुठे अडखळला नाही. ते कारकून होते म्हणाले होते. मामाजीही कारकूनच होते की, फक्त वर्दीतले. आमच्या घरात कारकून आणि पोलीस एकाच खुर्चीत बसून म्हातारे झाले होते. आमच्याकडे रिटायर्ड हवालदाराची सही असली की गॅसचं कनेक्शनसुद्धा लवकर मिळतं. त्या गृहस्थांना मी विचारलं, वाचून दाखवू का? त्यांनी छातीवर हात ठेवला. "आप लिखा. बस."

बायको सकाळी दमून आली आणि झोपली. तिला उठवून कशाला दाखवायचं, म्हणून मी पत्रावर मामाजींची सही घेऊन, खाली माझी करून ते वकीलबाईंना पाठवून दिलं. शिवाय मनात होतंच, की या घरात निदान एक काम मी बायकोच्या तपासणीशिवाय पार पाडतो.

वकीलबाईंचा फोन ऑफिसात आला. त्या भराभर बोलत होत्या. मला वाटलं, खूश आहेत.

"सुरक्षा खातं असं तुम्ही लिहिलंय. हे तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"हो हो. त्यांनी स्वतः." आणि मग, देव माझी जीभ झडवो, मी माझ्या पदरचं घातलं: "सिनिअर होते ते."

त्या हळू म्हणाल्या, की या गृहस्थांच्या अर्जात, पहिल्या मुलाखतीपासून, ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते असं आहे. पत्र अजून पुढे पाठवलेलं नाही. "पण आता मला हे कळलंय, आणि खोटं आहे हे माहीत असताना ते मी कुणापुढे मांडू शकत नाही. मला त्यांच्याशी बोलावं लागेल."

"काही प्रॉब्लेम होईल का?" मी विचारलं.

"थँक्यू, दॅट्स ग्रँड," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. इथे लोक ग्रँड कशालाही म्हणतात.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. तिने पत्र मागितलं, उभ्यानेच वाचलं आणि खुर्चीत बसली. तिच्या वॉर्डात त्या हॉटेलातले लोक यायचे, तिला थोडं माहीत होतं. जुलमी राजवटीच्या सुरक्षा खात्यात काम केलेल्यांना आश्रय नाकारता येतो. पळून आलेल्यांतच काही जण असे असतात, ज्यांच्यापासून बाकीचे पळाले, म्हणून. "तू वाचलं नाहीस का रे, काय लिहितोयस ते?" एवढंच म्हणाली. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा मी.

मामाजींना समजावून सांगायला अर्धा तास गेला. त्यांना ते पटेचना. "पन मी तं चांगलंच लिवलं त्याच्यासाठी!"

तीन दिवसांनी ते गृहस्थ आले. पाऊस पडत होता, पण आत येईनात. मामाजी बाहेर ओट्यावर गेले. मी स्वयंपाकघरात किटली भरत होतो आणि खिडकी उघडी होती.

"क्यों लिखा?"

"सच लिखा," मामाजी म्हणाले. "आप का अच्छाई के लिए लिखा."

मग त्या गृहस्थांनी सांगितलं. बोटीवर आणणाऱ्या माणसाने शिकवलं होतं: पाणीपुरवठा म्हण. सगळेच काहीतरी म्हणतात. तेच दोन वर्षं म्हटलं. आता वकीलबाई म्हणतात, खरं सांगा नाहीतर दुसरा वकील पाहा. "अब बोलना पड़ेगा. सब."

"बोलो," मामाजी म्हणाले. "बोलने से हलका होता."

ते गृहस्थ हसले. मी खिडकीतून पाहिलं, ते खरोखर हसत होते. "आप कभी बोला?"

मामाजी ओट्यावरचं पावसाचं पाणी चपलेने बाजूला सारत राहिले. किटली शिट्टी मारून बंद झाली. ते गृहस्थ पावसात निघून गेले. चहाचे दोन कप मी ओतून टाकले.

त्या रात्री जेवताना मी विचारू नये ते विचारलं. "मामाजी, त्यांनी मारलं असेल का लोकांना?"

"रायटर मारत नाही, जवाईबापू." त्यांनी भाताचा घास तसाच ठेवला. "रायटर लिवते. मारलेलं असते, आन् रायटर लिवते की, सदर इसम पायऱ्यांवरून घसरून पडला." मुलगी आजोबांकडे पाहत होती. बायकोने तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं. "चौतीस वर्सं मी असे पंचनामे लिवले. कोनाचं काही बिघडलं नाही. जल्मात एक खरा लिवला, आन् हे झालं."

मामाजी बाकावर जात राहिले. आठ दिवस ते गृहस्थ आले नाहीत. मग आले. मामाजी त्या दिवशी फाटक दिसणाऱ्या टोकावरून दुसऱ्या टोकाला सरकले, पाळी स्वतःची असूनही. दोघं बसले. पुन्हा तुरुंगाच्या बाजूला फिरायला मात्र गेले नाहीत. ऑगस्टच्या मध्यावर मामाजींचा व्हिसा संपला. विमानतळावर मला म्हणाले, "त्याचं काय होते ते कळवा मले. लपवू नका." मी म्हणालो, "लगेच कळवतो."

हिवाळ्यात ते गृहस्थ मला दोन-तीनदा सुपरमार्केटपाशी दिसले. नमस्कार व्हायचा. डब्लिनला मुलाखती झाल्या, एवढं कळलं. मार्च आला आणि गेला. मुलगी अठरा वर्षांची झाली असणार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

एप्रिलात ते जाडं पाकीट घेऊन दारात उभे राहिले. निकाल काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, वकीलबाईंनी फोनवर सांगितलं होतं. त्यांना आत काय लिहिलंय ते ऐकायचं होतं. मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि वाचून, मोडक्या हिंदीत करून सांगू लागलो.

वीसेक पानं होती. अर्जदाराने मुलाखतीत पूर्ण सहकार्य केलं, असं सुरुवातीलाच होतं. मग होतं ते असं. एका इमारतीत ते नोंदवही ठेवत. आणलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, कधी आणला, बरोबर कोण होतं. पुढे एक रकाना, बाहेर गेल्याच्या तारखेचा. आपल्या वहीत काही नावांपुढे तो रकाना कोराच राहिला, हे अर्जदाराने मान्य केलं. त्या कोऱ्या रकान्यांबद्दल वरिष्ठांना कधी विचारलं का? नाही. का नाही? अर्जदाराने उत्तर दिलं नाही. हे काम अर्जदाराने अकरा वर्षं केलं.

"ग्यारह नहीं," ते म्हणाले. "नौ."

मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नोंद चुकली होती, ती त्यांना दुरुस्त करून हवी होती.

वाचताना मी आमचं पत्र शोधत होतो. ते कुठेच नव्हतं. वीस पानांत मामाजींचा किंवा माझा एका अक्षराने उल्लेख नव्हता. मला सुटल्यासारखं झालं आणि लगेच त्या सुटल्यासारखं होण्याची लाज वाटली. समोर बसलेल्या माणसाबद्दल मला काय वाटतंय, तेही ठरेना. निळ्या रुमालातली मुलगी डोळ्यांपुढे आली की वाचता वाचता ओळ चुकायची. कोरे रकाने आले की त्यांच्या हातातल्या कपाकडे बघवत नव्हतं. त्या नावांनाही मुली असणार. आमच्या पत्रामुळे यांचं वाटोळं झालं, की आमच्या पत्रामुळे त्या नावांबद्दल कुठेतरी एकदा तरी खरं लिहिलं गेलं? हा प्रश्न मी बायकोलाही विचारलेला नाही. ती म्हणेल, दोन्ही. आणि मग झोप यायची नाही.

वकीलबाई अपील करू म्हणत होत्या. ते "हाँ, हाँ" म्हणाले. जाताना दारात त्यांनी बूट घातले, नाडी बांधली, सुटली, पुन्हा बांधली. "भाई को बोलना," ते म्हणाले. भाई म्हणजे मामाजी; मी वाट पाहिली. पण काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही, किंवा हिंदीत आलं नाही.

पुढच्या महिन्यात मी हॉटेलवर चौकशीला गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "युअर मॅन? ही इज गॉन, लव्ह." एका सकाळी नाश्त्याला आले नाहीत. खोलीतल्या इतरांचं म्हणणं, उत्तरेकडच्या बसने गेले. पलंग नीट लावलेला होता. अपिलाची मुदत अजून संपायची होती.

त्या रविवारी वर्ध्याला व्हिडिओ कॉल लावला. मामाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी दर रविवारी विचारायचे तसं विचारलं.

"लागला का त्याचा निकाल?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"लागला, मामाजी. मिळालं त्यांना. राहायचा कागद मिळाला."

"काय म्हनता!" त्यांनी फोन इतका जवळ घेतला की नुसतं कपाळ दिसू लागलं. "आन् पोरगी?"

"तीही येईल. येतेय."

कपाळ थोडा वेळ हललं नाही. मग फोन सासूबाईंच्या हातात आला आणि मागून मामाजींचा आवाज, कुणाला तरी पेढे आणायला पाठवत होते. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं बाई? पोरीच्या लग्नातबी असे पेढे नाही वाटले यांनी." संध्याकाळी सासूबाईंचा पुन्हा फोन आला: मामाजींनी शेजारच्या चार घरांत स्वतः जाऊन पेढे दिले होते. "परदेशात माझ्या सहीनं एका माणसाचं काम झालं," असं सांगून. बायको हे ऐकताना उठून गेली आणि मी सासूबाईंना म्हणालो, की इकडे आज ऊन पडलंय.

पुढच्या रविवारी मामाजी म्हणाले, "पत्ता द्या त्याचा. पत्र टाकतो. अभिनंदन कराले पाह्यजे."

"देतो. घर बदललंय त्यांनी. विचारून देतो."

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कामात राहिलं. मग गणपती आले, आम्ही किलकेनीला एका मित्राकडे आरतीला गेलो होतो, तिथून कॉल लावला. गर्दीत, टाळांच्या आवाजात त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी कानाला हात लावून, ऐकू येत नाही, असं दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पूर्वी मुलगी मागायला गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं तसं नाही, नुसतं पाहिलं. म्हणाले, "बरं."

त्याच्यानंतर त्यांनी पत्ता मागितला नाही.